गुण देणाऱ्याची शून्यत्रुटी

व्हर्नियर कॅलिपर मुलांच्या हातात देताना आपली पहिली सूचना ठरलेली असते. आधी दोन्ही जबडे मिटवा आणि शून्याला शून्य जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर तेवढी त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करायची किंवा त्यात मिळवायची. शून्यत्रुटी न पाहता घेतलेले वाचन आपण प्रयोगवहीत मान्य करत नाही.

पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आपण तपासायला बसतो, तेव्हा मोजमापाचे साधन आपण स्वतःच असतो. या साधनाची शून्यत्रुटी कोण पाहतो? एक शिक्षक सढळ हाताचा असतो, दुसरा कडक असतो. एकच शिक्षक पहिल्या उत्तरपत्रिकेला एक असतो आणि पन्नासाव्या उत्तरपत्रिकेला दुसराच. ही गोष्ट आपल्यापैकी कुणाला नवी नाही. तरीही गुणपत्रिकेवर छापलेला आकडा आपण अचूक समजतो आणि त्यावर मुलांचे पुढचे रस्ते ठरतात.

मोठ्या परीक्षेत या त्रुटीचा बंदोबस्त कसा करता येतो, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ या. 'इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट डिप्लोमा' हा आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी असलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. थोडक्यात त्याला 'आयबी' म्हणतात. तो कठीण समजला जातो. पण त्याच्या काठिण्यापेक्षा त्यातील गुणदानाची रीत शिक्षकांनी पाहण्यासारखी आहे.

अभ्यासक्रमाची ओळख

या अभ्यासक्रमाची संस्था १९६८ साली स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये आणि वकिलातींमध्ये काम करणाऱ्यांची मुले वारंवार देश बदलत. प्रत्येक देशाची शालान्त परीक्षा वेगळी असल्याने त्यांची अडचण होई. तेव्हा अनेक देशांतील विद्यापीठे मान्य करतील अशी एक समाईक परीक्षा असावी, या गरजेतून हे काम सुरू झाले. भारतात कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलने १९७६ साली हा डिप्लोमा सुरू केला. भारतीय विश्वविद्यालय संघाने १९८३ पासून त्याला बारावीच्या समकक्ष मानले आहे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज.

या शाळांचे शुल्क मोठे असते आणि सर्वसामान्य घरांतील मुलांना तो खर्च परवडणारा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्या शाळांनी ही परीक्षा स्वीकारावी असा या लेखाचा हेतू नाही. फक्त तिच्या यंत्रणेत डोकावून पाहायचे आहे.

पंचेचाळीस गुणांचा हिशेब

विद्यार्थी सहा विषय घेतो. साहित्याच्या अभ्यासासह एक भाषा, एक दुसरी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान आणि गणित हे पाच झाले. सहावा विषय कलेचा असतो किंवा कलेऐवजी आधीच्या गटांतील आणखी एखादा घेता येतो. म्हणजे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला इतिहास किंवा अर्थशास्त्रासारखा विषय सोडता येत नाही आणि इतिहासाची आवड असलेल्या मुलीला गणित टाळता येत नाही. यांपैकी साधारणपणे तीन विषय उच्च स्तरावर आणि तीन सामान्य स्तरावर शिकायचे असतात. उच्च स्तरासाठी सुमारे २४० तासांचे अध्यापन अपेक्षित असते, सामान्य स्तरासाठी सुमारे १५० तासांचे.

प्रत्येक विषयाला १ ते ७ यांपैकी एक श्रेणी मिळते. सहा विषयांचे मिळून ४२ गुण झाले. उरलेले ३ गुण दोन गोष्टींचे मिळून असतात. एक म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावर जास्तीत जास्त ४००० शब्दांत लिहिलेला शोधनिबंध. दुसरी म्हणजे 'थिअरी ऑफ नॉलेज' हा विषय. आपल्याला जे माहीत आहे ते खरे आहे हे आपल्याला कसे कळते, या प्रश्नाचा त्यात विचार करायचा असतो. दोन्हींत सर्वोच्च श्रेणी मिळाली तर ३ गुण मिळतात, जेमतेम पार पडले तर शून्य. असे एकूण ४५ गुण होतात.

उत्तीर्ण होण्यासाठी किमान २४ गुण हवेत. पण तेवढ्याने भागत नाही. कोणत्याही विषयात १ ही श्रेणी चालत नाही. उच्च स्तराच्या तीन विषयांत मिळून किमान १२ आणि सामान्य स्तराच्या तिन्हींत मिळून किमान ९ गुण हवेत. शिवाय कला, शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा यांचा दीड वर्षाचा उपक्रम पूर्ण करावा लागतो. त्याला गुण नसतात, पण तो अपुरा राहिला तर डिप्लोमा मिळत नाही. जगभरच्या विद्यार्थ्यांची सरासरी अलीकडच्या वर्षांत ३० गुणांच्या आसपास राहिली आहे.

शाळेच्या हातातले गुण

आता मुख्य मुद्द्याकडे वळू या. जवळजवळ प्रत्येक विषयात गुणांचा एक भाग शाळेतील शिक्षक देतात आणि बाकीचा बाहेरचे परीक्षक देतात. भौतिकशास्त्रात शिक्षकाच्या हातात २० टक्के असतात आणि उरलेले ८० टक्के लेखी परीक्षेचे.

हे २० टक्के कशाचे? आपल्याकडे ठरलेले प्रयोग, ठरलेली जर्नल आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीवर आलेला प्रयोग, अशी पद्धत आहे. आयबीमध्ये मुलांनी वर्षभर प्रयोग करायचे असतातच, पण गुण मिळतात ते एका स्वतंत्र शोधप्रकल्पाचे. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा. उदाहरणार्थ, रबरी चेंडू गरम केला तर त्याची उसळी किती वाढते? किंवा मिठाच्या द्रावणाची संहती वाढवत नेली तर त्याच्या विद्युतरोधात कसा फरक पडतो? त्यासाठी प्रयोगाची आखणी करायची, मोजमापे घ्यायची आणि जास्तीत जास्त ३००० शब्दांत अहवाल लिहायचा. कच्चा मसुदा शिक्षकाने एकदाच पाहून सूचना द्यायच्या, वारंवार दुरुस्त करून द्यायचा नाही, असा नियम आहे.

२०२५ पासून लागू झालेल्या आराखड्यानुसार हा अहवाल २४ गुणांचा असतो आणि त्याचे चार निकष आहेत. प्रयोगाची आखणी, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष आणि स्वतःच्या प्रयोगाची चिकित्सा. प्रत्येकाला ६ गुण. कोणत्या दर्जाच्या कामाला किती गुण, याची वर्णने छापलेली असतात आणि ती विद्यार्थ्यालाही आधीपासून ठाऊक असतात. अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून गुण जात नाहीत. मोजमापातील अनिश्चितता लक्षात घेतली का, निष्कर्ष हाती आलेल्या आकड्यांना धरून आहे का, प्रयोगात कमजोर जागा कोणती होती हे ओळखले का, याला महत्त्व असते. चुकलेल्या प्रयोगाचा प्रामाणिक अहवाल चांगले गुण मिळवू शकतो. 'बरोबर' उत्तर येण्यासाठी वाचने मागून भरणाऱ्या मुलाला इथे फारसा फायदा नाही.

शिक्षकाच्या गुणांची तपासणी

इथे आपल्या मनात एक शंका येईल. शाळेच्या हातात गुण दिले तर प्रत्येक शाळा आपल्या मुलांना भरभरून गुण देणार नाही का? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात आणि त्यामुळे त्यांना अर्थ उरत नाही, अशी तक्रार आपल्याकडेही ऐकू येते.

आयबीमध्ये यावर नियमनाचा उपाय आहे. शिक्षक सर्व मुलांचे गुण संस्थेला कळवतो. मग संस्था त्यांतील काही मुलांचे अहवाल मागवून घेते. कोणाचे, ते शाळा ठरवत नाही. हा नमुना दुसरा अनुभवी शिक्षक, म्हणजे नियामक, त्याच निकषांवर तपासतो. दोघांच्या गुणांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक नसेल तर शिक्षकाचे गुण जसेच्या तसे राहतात. फरक जास्त असेल तर केवळ नमुन्यातल्या मुलांचे नव्हे, तर त्या शाळेतील त्या विषयाच्या सर्व मुलांचे गुण बदलतात.

हे कसे होते ते सोप्या उदाहरणाने पाहू. समजा, शिक्षकाने तीन अहवालांना २०, १६ आणि १२ गुण दिले. नियामकाने त्याच अहवालांना १७, १४ आणि ११ दिले. आलेखकागदावर आडव्या अक्षावर शिक्षकाचे गुण आणि उभ्या अक्षावर नियामकाचे गुण घेऊन हे तीन बिंदू मांडले तर ते एका सरळ रेषेवर येतात. रेषेचे समीकरण असे येईल:

नियमित गुण = ०.७५ × शिक्षकाचे गुण + २

आता नमुन्यात नसलेल्या एखाद्या मुलीला शिक्षकाने ८ गुण दिले असतील तर तिचे ८ च राहतील. २४ पैकी २४ मिळालेल्या मुलाचे मात्र २० होतील. म्हणजे हा शिक्षक साध्या कामाला योग्य गुण देतो, पण चांगल्या कामाला जरा जास्तच सढळ होतो. प्रत्यक्षात बिंदू इतके नेमके एका रेषेवर येत नाहीत. तेव्हा त्यांच्यामधून जाणारी सर्वांत जवळची रेषा काढावी लागते. पण तत्त्व तेच.

यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, शिक्षकाने लावलेला मुलांचा क्रम बदलत नाही. वर्षभर मुलांना पाहणाऱ्या शिक्षकाला कोणाचे काम अधिक चांगले हे कळते, यावर विश्वास ठेवला जातो. तपासली जाते ती त्याची मोजपट्टी. दुसरी, खिरापतीसारखे गुण वाटून उपयोग होत नाही. उलट, सर्वांना २४ पैकी २४ देणाऱ्या शिक्षकाने चांगले आणि सामान्य काम यांतील फरकच पुसून टाकलेला असतो आणि त्याचा तोटा खऱ्या मेहनती मुलाला होतो.

लेखी परीक्षा आणि उत्तरसूची

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होतात, मे महिन्यात आणि नोव्हेंबर महिन्यात. शाळा आपल्या शैक्षणिक वर्षानुसार सत्र निवडते. मे सत्राचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो.

प्रश्नांची भाषा ठरलेली असते. 'सांगा', 'वर्णन करा', 'स्पष्ट करा', 'चर्चा करा', 'मूल्यमापन करा' अशा प्रत्येक आज्ञार्थी शब्दाची व्याख्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत दिलेली असते. 'सांगा' म्हटले तर एका ओळीत उत्तर पुरे. 'स्पष्ट करा' म्हटले तर कारण यायलाच हवे. आपल्या वर्गातही 'वर्णन करा' आणि 'स्पष्ट करा' यांतला फरक न कळल्यामुळे किती मुलांचे गुण जातात, ते आठवून पाहावे.

उत्तरसूचीत एकेका गुणासाठी कोणता मुद्दा यायला हवा, हे लिहिलेले असते. तोच अर्थ वेगळ्या शब्दांत आला तरी चालतो. पाठ केलेले वाक्य जसेच्या तसे यावे अशी अपेक्षा नसते.

आणखी एक नियम म्हणजे पुढे नेलेल्या चुकीचा. समजा, प्रश्न असा आहे: ०.५ किलोग्रॅमचा चेंडू २० मीटर उंचीवरून सोडला. (अ) जमिनीवर पोचताना त्याचा वेग काढा. (ब) त्या वेळची गतिज ऊर्जा काढा. हवेचा अवरोध सोडून द्यावा आणि गुरुत्वत्वरण १० घ्यावे. बरोबर उत्तरे २० मीटर प्रति सेकंद आणि १०० ज्यूल अशी येतात. एका मुलीने वेगाच्या सूत्रातला २ विसरून वेगाचा वर्ग ४०० ऐवजी २०० घेतला. तिचा वेग १४.१ आला. पुढे गतिज ऊर्जेचे सूत्र तिने अचूक वापरले आणि उत्तर ५० ज्यूल काढले. तिचा (अ) मधील गुण जाईल. पण (ब) चा पूर्ण गुण तिला मिळेल, कारण (ब) मध्ये तपासायचे होते ते गतिज ऊर्जेचे ज्ञान आणि ते तिने दाखवले आहे. एका चुकीची शिक्षा एकदाच. अर्थात पायऱ्या लिहिल्या असतील तरच परीक्षकाला हे कळू शकते.

परीक्षकाची परीक्षा

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि परीक्षक त्या संगणकाच्या पडद्यावर तपासतात. तपासणी सुरू करण्यापूर्वी परीक्षकाला काही सरावाच्या उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात आणि त्यानंतर पात्रतेच्या. ज्येष्ठ परीक्षकांनी एकत्र बसून या उत्तरपत्रिकांचे गुण आधीच नक्की केलेले असतात. नव्या परीक्षकाचे गुण त्यांच्याशी जुळले तरच त्याला पुढचे काम मिळते.

पण एवढ्यावर काम संपत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकांमध्ये अधूनमधून अशी एखादी आधीच तपासलेली उत्तरपत्रिका मिसळलेली असते. तिला 'सीड', म्हणजे बी, म्हणतात. ती कोणती हे परीक्षकाला कळत नाही. तिचे गुण ठरलेल्या गुणांपासून मर्यादेबाहेर गेले की त्याची तपासणी थांबवली जाते. कुठे चुकले हे समजून घेतल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही.

हेच ते जबडे मिटवून शून्य पाहणे. फरक इतकाच, की इथे शून्य कामाच्या आधी एकदा पाहून भागत नाही. काम चालू असतानाही पुनःपुन्हा पाहावे लागते. प्रयोगशाळेतला काटाही आपण ठरावीक काळाने प्रमाणित वजन ठेवून तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

सातची रेषा कुठे आखायची?

किती गुणांना ७ द्यायचे, हे आधीपासून ठरलेले नसते. कारण प्रश्नपत्रिका दर वर्षी नवी असते आणि कितीही काळजी घेतली तरी एखाद्या वर्षी ती थोडी अवघड किंवा थोडी सोपी निघते. म्हणून उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर ज्येष्ठ परीक्षक एकत्र बसतात. सीमेच्या आसपासच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून, श्रेणीच्या छापील वर्णनाशी आणि मागील वर्षांच्या कामाशी ताडून, या कामाला ७ म्हणावे की ६ हे ठरवतात. २ आणि ३, ३ आणि ४, तसेच ६ आणि ७ यांच्यामधल्या सीमा अशा विचाराने ठरतात. उरलेल्या सीमा गणिताने मिळतात. समजा, ४ ही श्रेणी ४० गुणांपासून आणि ७ ही श्रेणी ७० गुणांपासून द्यायची ठरली. मधले ३० गुण तीन सारख्या भागांत वाटले की ५ ची सुरुवात ५० पासून आणि ६ ची ६० पासून होते.

अमुक टक्के मुलांनाच ७ द्यायचे, असा कोटा इथे नसतो. पण कामाचा दर्जा माणसांनीच ठरवायचा असल्याने संख्याशास्त्र आणि परीक्षकांचा विवेक, दोन्ही वापरावे लागतात. निकाल पटला नाही तर पुन्हा तपासणी मागता येते. मात्र त्यात श्रेणी वाढू शकते तशी कमीही होऊ शकते.

यंत्रणा अडखळली तेव्हा

ही यंत्रणा निर्दोष आहे असे समजू नये. मे २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे लेखी परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा शाळेतील काम, शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी आणि त्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल यांच्या आधारे गणिती सूत्राने श्रेणी दिल्या गेल्या. जुलैमध्ये निकाल लागताच अनेक देशांतून नाराजी उमटली. आपल्या शाळेत पूर्वी कोण शिकून गेले त्यावर माझे गुण का ठरावेत, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त होता. ऑगस्टमध्ये संस्थेला निकालात बदल करावे लागले. एखाद्या गटाबद्दल खरे असलेले संख्याशास्त्र त्या गटातील एकेका व्यक्तीला लावले की काय होते, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्यामुळेच येते. पूर्वेकडील देशांत पेपर संपतो तेव्हा पश्चिमेकडे तो अजून सुरूही झालेला नसतो. मे २०२४ मध्ये काही विद्यार्थ्यांनी गणिताच्या पेपरातील मजकूर समाजमाध्यमांवर टाकल्याचे संस्थेला मान्य करावे लागले.

आपल्या वर्गासाठी

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला दर वर्षी चौदा-पंधरा लाख विद्यार्थी बसतात. तिथे प्रत्येकाचा ३००० शब्दांचा अहवाल तपासणे शक्य नाही. पण वरच्या काही गोष्टींना ना मंडळाची परवानगी लागते ना पैसा.

पहिली गोष्ट: प्रकल्पाचे किंवा जर्नलचे निकष वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून वर्गात लावता येतील.

दुसरी: घटक चाचणीत पुढे नेलेल्या चुकीचा नियम लावून पाहता येईल. मुले पायऱ्या लिहू लागतात का, हे त्यातून कळेल.

तिसरी: एकच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांनी पाच-पाच उत्तरपत्रिका अदलाबदल करून तपासाव्यात. आधीचे गुण दिसणार नाहीत असे झाकून ठेवावे. मग दोघांचे गुण आलेखकागदावर मांडावेत. बिंदू ४५ अंशांच्या रेषेजवळ आले तर दोघांची मोजपट्टी सारखी आहे. सगळे बिंदू एका बाजूला सरकले असतील तर एकाचा हात सढळ आहे. बिंदू इतस्ततः विखुरले असतील तर बहुधा निकषच नीट ठरलेले नाहीत.

चौथी गोष्ट एकट्यालाही करता येते. तपासण्यापूर्वीच तीन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढून ठेवाव्यात आणि आठ दिवसांनी, पहिले गुण न पाहता, त्या पुन्हा तपासाव्यात. दोन वेळच्या गुणांत जो फरक येईल, तेवढी अनिश्चितता आपल्या प्रत्येक आकड्याला आहे असे धरून चालावे. मग ३४ गुणांवर नापास आणि ३५ वर पास झालेल्या दोन मुलांकडे पाहताना, त्या दोघांमधला एक गुण आपल्या साधनाला मोजता येतो का, हा प्रश्न आपण विचारू लागू.